जुन्या स्पोर्ट्स गाड्यांमधील इंजिनचा व्हॅक्युम आणि इग्निशन ॲडव्हान्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी स्पोर्ट्स गाडी सांभाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः एमजीबी घेतली आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या गाडीचे १७९८ सीसीचे इंजिन साधे आहे, तिचा लुकास कंपनीचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) उघडून पाहता येतो आणि तिच्यावर जे समजते ते इतर गाड्यांना थोड्या फरकाने लागू पडते. वेगळे सांगितले नसेल तेथे अंश क्रँकशाफ्टचे आहेत आणि व्हॅक्युम पाऱ्याच्या इंचांत मोजला आहे.

१. इग्निशन ॲडव्हान्स म्हणजे नेमके काय? पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी का पाडायची?

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण एकदम स्फोट होऊन जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरते आणि तिला काही मिलिसेकंद लागतात. पिस्टन टीडीसी, म्हणजे आपल्या सर्वांत वरच्या जागेवरून, साधारण १५ अंश खाली उतरला असताना दाब शिगेला पोहोचला, तर क्रँकशाफ्टला सर्वाधिक रेटा मिळतो. त्यासाठी ठिणगी टीडीसीच्या आधीच पडावी लागते आणि ती जितके अंश आधी पडते तितका ॲडव्हान्स. ठिणगी फार उशिरा पडली, तर बरीचशी उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते. फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनवरच दाब येतो आणि इंजिन ठोके देऊ लागते.

२. इंजिनात व्हॅक्युम तयार कसा होतो?

खाली जाणारे पिस्टन हवा ओढतात आणि थ्रॉटलची बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली फिरती झडप, त्या हवेची वाट अडवते. या ओढाताणीतून बटरफ्लाय आणि इनलेट व्हॉल्व्ह यांच्यामधल्या मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि या फरकालाच आपण व्हॅक्युम म्हणतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांइतका असतो. निरोगी इंजिन आयडलिंगला असताना त्यांतले १७ ते २१ इंच गेजवर दिसतात. पूर्ण थ्रॉटल दाबला की वाट मोकळी होते आणि काटा शून्याजवळ येतो. उतारावर गिअरमध्ये असताना पाय काढला, तर काटा आयडलिंगच्याही वर जातो.

येथे एक गैरसमज आधीच दूर करावा. जास्त व्हॅक्युम म्हणजे जास्त ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये जेव्हा सर्वांत कमी मिश्रण जात असते तेव्हाच व्हॅक्युम सर्वाधिक असतो. तो इंजिनावरच्या भाराचा उलटा आरसा आहे, आणि ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढची निम्मी उत्तरे आपोआप सुचतात.

३. वेग वाढला की ॲडव्हान्स वाढवणारी वजने डिस्ट्रिब्युटरमध्ये आहेतच. मग व्हॅक्युम ॲडव्हान्स वेगळा कशासाठी?

कारण दोन्ही यंत्रणा दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

वजने फक्त वेग मोजतात. १,००० आरपीएमला क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ३,००० ला १८ अंश आणि ६,००० ला ३६ अंश. ज्योतीला लागणारा वेळ तोच राहिला, तर वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पाडावी लागेल. म्हणून शाफ्टबरोबर फिरणारी वजने स्प्रिंगांविरुद्ध बाहेर सरकतात आणि पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क) उघडणाऱ्या कॅमला पुढे ढकलतात. मात्र वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळणही वाढते आणि ज्योत अधिक वेगाने पसरू लागते. त्यामुळे एका मर्यादेनंतर आणखी ॲडव्हान्स लागत नाही आणि वजने तेथेच अडतील अशी रचना केलेली असते.

आता भाराकडे पाहू. सपाट रस्त्यावर ३,००० आरपीएमने निवांत जाणारी गाडी आणि त्याच ३,००० आरपीएमला घाट चढणारी गाडी यांत वजनांना काहीही फरक कळत नाही. सिलिंडरमध्ये मात्र फार मोठा फरक असतो. निवांत चालताना मिश्रण थोडे आणि विरळ असते, त्यात आधीच्या फेरीचा जळलेला वायू तुलनेने जास्त उरलेला असतो, त्यामुळे ते सावकाश जळते आणि त्याला बराच जास्त ॲडव्हान्स लागतो. घाटात थ्रॉटल दाबलेला असतो, मिश्रण दाट असते, ते झपाट्याने जळते आणि तेवढाच ॲडव्हान्स त्याला दिला तर ठोके येतात. हा फरक ओळखण्याचे काम पडदा असलेली व्हॅक्युमची डबी करते. व्हॅक्युम वाढला की पडदा ओढला जातो, त्याला जोडलेली दांडी पॉइंटची प्लेट फिरवते आणि ठिणगी आधी पडते. थ्रॉटल दाबला की व्हॅक्युम कोसळतो आणि हा जादा ॲडव्हान्स क्षणात निघून जातो.

ही डबी जोर वाढवण्यासाठी नाही, हे यावरून कळेल. इंजिन जेव्हा जोरात काम करत नसते तेव्हा पेट्रोल वाया जाऊ नये आणि इंजिन तापू नये, यासाठी ती आहे. रस्त्यावरच्या गाडीचे बहुतांश आयुष्य याच स्थितीत जात असल्याने तिला कमी लेखू नये.

४. कोणी म्हणतो एकूण ॲडव्हान्स ३० अंश, कोणी म्हणतो ५० अंश. खरे काय?

दोन्ही खरे आहेत. मोजण्याची परिस्थिती वेगळी आहे, एवढेच. सुरुवातीच्या जास्त कॉम्प्रेशनच्या एमजीबीचा हिशेब असा. इंजिन बंद असताना लावलेले स्थिर टायमिंग १० अंश, वजनांचा ॲडव्हान्स जास्तीत जास्त सुमारे २०, म्हणजे ३० अंश झाले. त्यावर निवांत चालताना डबीचे जास्तीत जास्त २० अंश मिळतात आणि बेरीज ५० च्या घरात जाते. पूर्ण थ्रॉटलला डबी काहीच देत नाही, म्हणून जोरात पळवताना ३० च उरतात.

घोळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचा १ अंश म्हणजे क्रँकशाफ्टचे २ अंश होतात. लुकासच्या आतल्या भागावर कोरलेला १० हा आकडा डिस्ट्रिब्युटरच्या अंशांचा असतो आणि क्रँकशाफ्टच्या पुलीवर तो २० दिसतो. कोणी आकडा सांगितला की तो कोणत्या शाफ्टचा, हे आधी विचारावे.

५. टायमिंग लाइटने तपासताना व्हॅक्युमची नळी काढायची की तशीच ठेवायची?

काढायची आणि मॅनिफोल्डकडचे तोंड बंद करायचे. (टायमिंग लाइट म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा.) तोंड उघडे राहिले, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते आणि आयडलिंग बिघडते. नळी काढल्यावर दिसणारा आकडा स्थिर टायमिंग आणि वजने यांचाच असतो. म्हणूनच वर सांगितलेल्या एमजीबीचे स्थिर टायमिंग १० अंश असले, तरी ६०० आरपीएमला लाइटखाली १४ अंश दिसायला हवेत. मधले ४ अंश वजनांचे, कारण ती आयडलिंगलाच थोडी उघडलेली असतात. याच कारणाने आयडलिंग ९०० वर ठेवून टायमिंग लावले, तर आकडा फसवतो. वेग ठरलेला ठेवल्याशिवाय अंशांना अर्थ नाही.

आयडलिंगला टायमिंग लावून थांबू नये, असे माझे मत आहे. पन्नास-साठ वर्षांच्या डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा सैल पडलेल्या असतात. नळी बंदच ठेवून वेग हळूहळू ३,००० च्या वर न्यावा, ॲडव्हान्स कोठे वाढायचा थांबतो ते पाहावे आणि तो आकडा योग्य येईल असे टायमिंग लावावे. इंजिनाचे नुकसान होते ते या टोकाला. आयडलिंगला दोन अंश इकडे-तिकडे झाले, तर फार बिघडत नाही.

६. माझ्याकडे टायमिंग लाइट नाही. काय करू?

पॉइंटला १२ व्होल्टचा छोटा दिवा जोडून इंजिन हाताने फिरवा. पॉइंट उघडताच दिवा लागतो आणि त्या क्षणी पुलीवरची खूण जेथे असेल ते स्थिर टायमिंग. गाडी सुरू करण्यापुरते हे पुरते, पण वजने आणि डबी यांबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

७. टायमिंग वाढवण्यासाठी डिस्ट्रिब्युटर कोणत्या बाजूला फिरवायचा?

रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा तुकडा, ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट. एमजीबीचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून बॉडी काट्यांच्या दिशेने फिरवली की ॲडव्हान्स वाढतो. जुन्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरवर बारीक बदलासाठी दातेरी चक्री असते. १९७० च्या दशकात आलेल्या ४५डी४ वर ती नाही, त्यामुळे क्लॅम्प सैल करण्यावाचून पर्याय नाही.

८. व्हॅक्युमची नळी कार्ब्युरेटरला जोडायची की मॅनिफोल्डला?

सर्वाधिक भांडणे याच प्रश्नावर होतात, आणि फरक लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान आहे.

कार्ब्युरेटरवरचे छिद्र बटरफ्लायच्या कडेजवळ, पण बंद बटरफ्लायच्या बाहेरच्या बाजूला असते. याला पोर्टेड व्हॅक्युम म्हणतात. पाय काढलेला असताना तेथे व्हॅक्युम जवळजवळ नसतो. थ्रॉटल किंचित उघडताच बटरफ्लायची कड छिद्रापलीकडे सरकते, छिद्र मॅनिफोल्डच्या बाजूला येते आणि तेथून पुढे दोन्ही ठिकाणी जवळपास सारखाच व्हॅक्युम मिळतो. पूर्ण थ्रॉटलला दोन्हीकडे शून्य. थ्रॉटल जितका उघडावा तितका पोर्टेड व्हॅक्युम वाढत जातो, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, ते चूक आहे.

म्हणजे वाद फक्त आयडलिंगचा आहे. मॅनिफोल्डला जोडले, तर आयडलिंगलाच डबी पूर्ण ओढली जाते, वेग वाढतो, मग आयडल स्क्रू सैल करून तो खाली आणता येतो आणि तेवढाच थ्रॉटल अधिक मिटतो. सिग्नलवर उभे असताना एक्झॉस्टमध्ये जाणारी उष्णता कमी होते, आणि मे महिन्यात दादर किंवा स्वारगेटच्या गर्दीत हा फायदा तापमानाच्या काट्यावर दिसू शकतो. उलट पोर्टेडमध्ये आयडलिंग व्हॅक्युमच्या चढउतारांपासून अलिप्त राहते आणि टायमिंग लावणे सोपे जाते.

एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांना पोर्टेड होता, पुढच्या अनेक गाड्यांना मॅनिफोल्डवरून. अमेरिकेत १९६० च्या दशकातील अनेक कॉर्व्हेट गाड्या मॅनिफोल्ड व्हॅक्युमवरच कारखान्यातून निघाल्या. माझा सल्ला असा की इंजिन मूळ स्थितीत असेल तर कारखान्याने दिलेली जोडणी बदलू नये. गर्दीत तापत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि मूळ टायमिंग तपासून झाल्यावरच मॅनिफोल्डची जोडणी करून पाहावी, आणि तीही प्रश्न १० मधली अट पूर्ण होत असेल तरच.

९. पोर्टेड व्हॅक्युम प्रदूषणाच्या कायद्यांमुळे आला, हे खरे का?

अर्धवट खरे. अमेरिकेत १९६८ पासून संपूर्ण देशाला धुराचे नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी आयडलिंगचा ॲडव्हान्स कमी केला, कारण ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट अधिक तापतो आणि न जळलेले पेट्रोल तेथे जळून जाते. काही मॉडेलांत तर व्हॅक्युम फक्त वरच्या गिअरमध्येच डबीपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था होती. त्या काळच्या अमेरिकी गाड्यांचे मालक म्हणूनच पोर्टेडवर चिडून असतात. परंतु १९५० च्या दशकातल्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या ब्रिटिश गाड्यांवर बटरफ्लायच्या कडेचे छिद्र आधीपासूनच होते, तेव्हा असा कोणताही नियम नव्हता. शांत आयडलिंग हा त्यामागचा साधा हेतू होता.

१०. व्हॅक्युमच्या डबीवर ५-१३-१० असे कोरले आहे. याचा अर्थ काय?

पहिला आकडा म्हणजे पडदा हलू लागतो तो व्हॅक्युम, दुसरा म्हणजे तो पूर्ण ओढला जातो तो व्हॅक्युम, तिसरा म्हणजे मिळणारा जास्तीत जास्त ॲडव्हान्स, डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत. म्हणजे ही डबी ५ इंचांना सुरू होते, १३ इंचांना संपते आणि क्रँकशाफ्टचे २० अंश देते.

बाजारात मिळणारी नवी डबी आकार जुळतो म्हणून घेऊ नये. मिनीची, एमजीबीची आणि इतर गाड्यांची डबी बाहेरून सारखी दिसत असली, तरी आकडे वेगळे असतात. मॅनिफोल्ड व्हॅक्युमसाठी एक नियम उपयोगी पडतो. डबीचा दुसरा आकडा आयडलिंगच्या व्हॅक्युमपेक्षा किमान २ इंचांनी कमी असावा. असे नसेल, तर आयडलिंगला पडदा अर्धवट जागी तरंगत राहतो. व्हॅक्युम जरा घसरला की ॲडव्हान्स घसरतो, त्याने वेग घसरतो, त्याने व्हॅक्युम आणखी घसरतो आणि इंजिन हेलकावे खात राहते. कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा उघडून या दुखण्यावर इलाज होत नाही.

११. डबी चालू आहे की फाटली आहे, हे घरी कसे कळेल?

डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढा, नळीचे कार्ब्युरेटरकडचे टोक तोंडात धरून ओढा आणि जिभेने बंद करा. पॉइंटची प्लेट फिरली पाहिजे आणि जीभ टोकाला चिकटून राहिली पाहिजे. प्लेट फिरून लगेच परतली, तर पडद्याला भोक आहे. प्लेट फिरलीच नाही आणि हवा मात्र रोखली गेली, तर प्लेट अडकली आहे. तिला तेलाचा थेंब पुरतो का ते आधी पाहावे. हातपंप आणि गेज असेल, तर प्रश्न १० मधले आकडेही पडताळता येतात.

यासोबत एक लपलेला दोष पाहावा. प्लेटला जोडलेली कापडी वेष्टणाची बारीक अर्थिंगची तार वर्षानुवर्षे वाकून आतल्या आत तुटते. अशी गाडी आयडलिंगला आणि जोरात ठीक चालते, पण निवांत चालताना झटके देते, कारण तेव्हाच प्लेट हललेली असते. लोक अशा वेळी कार्ब्युरेटरमधला कचरा शोधत बसतात.

मी घेतलेल्या गाडीत एका गॅरेजने फाटलेली डबी बदलण्याऐवजी नळीच्या तोंडात स्क्रू बसवून ठेवला होता. गाडी धावत होती, म्हणून मला बरेच दिवस संशय आला नाही. पेट्रोल जास्त लागते, हा जुन्या गाडीचा स्वभावच, असे मी धरून चाललो होतो.

१२. व्हॅक्युम गेजचा काटा कसा वाचायचा?

इंजिन पूर्ण गरम करून गेज थेट मॅनिफोल्डला जोडावा, पोर्टेड छिद्राला नव्हे. आकड्यापेक्षा काट्याची चाल अधिक सांगते.

काटा १७ ते २१ च्या दरम्यान स्थिर असेल, तर चिंता नाही. स्थिर पण खाली, समजा १४ वर असेल, तर आधी उशिराचे टायमिंग आणि मॅनिफोल्डची गळती पाहावी. टायमिंग थोडे वाढवल्यावर काटा चढला, तर दोष तेथेच होता. ठरावीक अंतराने एक झटका देऊन काटा पुन्हा जागी येत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह जळला असण्याची शक्यता मोठी. आयडलिंगला काटा जलद थरथरतो आणि वेग वाढवल्यावर शांत होतो, तेव्हा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले असतात. उलट वेगाबरोबर थरथर वाढली, तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कमजोर झालेल्या असतात. हळूहळू डोलणारा काटा बहुधा मिश्रणाकडे बोट दाखवतो.

थ्रॉटल झटकन दाबून सोडण्याची परीक्षाही करावी. काटा शून्याजवळ येऊन सोडताच २४-२५ पर्यंत उसळला, तर पिस्टन रिंगा चांगल्या आहेत. सुरू केल्यावर व्हॅक्युम चांगला असून वेग धरून ठेवल्यावर सावकाश घसरत गेला, तर एक्झॉस्ट तुंबला आहे.

गळती शोधताना ब्रेक सर्व्होची, म्हणजे व्हॅक्युमच्या जोरावर ब्रेकला मदत करणाऱ्या डब्याची, नळी विसरू नये. सर्व्होचा पडदा फाटला, तर ब्रेक जड होतात आणि इंजिनही विरळ मिश्रणावर चालते. झिजलेल्या थ्रॉटल स्पिंडलमधूनही एसयू कार्ब्युरेटर हवा ओढतात. गरम एक्झॉस्टजवळ ज्वलनशील द्रव फवारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, मी ती टाळतो. साबणाचे पाणी सुरक्षित आहे.

१३. पुण्यात माझा गेज मुंबईपेक्षा कमी दाखवतो. इंजिन बिघडले का?

नाही. दर हजार फुटांमागे हवेचा दाब सुमारे १ इंचाने उतरतो. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे मुंबईत १९ दाखवणारे इंजिन पुण्यात १७ च्या आसपास दाखवील. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, फरक साडेचार इंचांपर्यंत जातो.

डबी हवेचा दाब आणि मॅनिफोल्डचा दाब यांतल्या फरकावरच चालत असल्याने उंचीवर तिलाही कमी ओढ मिळते. ५-१३ ची डबी तरीही आयडलिंगला पूर्ण ओढली जाते. दुसरा आकडा मोठा असलेली डबी मात्र मुंबईत शांत आणि महाबळेश्वरला अस्वस्थ होऊ शकते. घाटावर हवा विरळ असल्याने ठोक्यांचा धोका थोडा कमी होतो, परंतु तेवढ्यासाठी टायमिंग वाढवून घाट उतरू नये. खाली आल्यावर तेच टायमिंग महाग पडते.

१४. चढावर ठोके येतात. डबी काढून टाकू का?

ठोके थ्रॉटल दाबल्यावर येत असतील, तर त्या क्षणी डबी काहीच देत नसते आणि ती काढून उपयोग नाही. दोष स्थिर टायमिंगचा, सैल स्प्रिंगांमुळे लवकर उघडणाऱ्या वजनांचा, विरळ मिश्रणाचा किंवा पेट्रोलचा असतो. त्या काळचे ‘फोर स्टार’ दर्जाचे ब्रिटिश पेट्रोल ९७ ऑक्टेनच्या आसपास होते. आपल्या साध्या पेट्रोलचा किमान आकडा २० टक्के इथेनॉलचे मिश्रण येण्याआधी ९१ होता. ८.८ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ९५ चे पेट्रोल द्यावे किंवा मूळ टायमिंग दोन-तीन अंशांनी कमी करावे. १०० ऑक्टेनचे पेट्रोलही २०२० च्या अखेरीपासून निवडक पंपांवर मिळते, पण त्याने ताकद वाढते असे मानू नये. ते फक्त ठोके रोखते.

अर्ध्या थ्रॉटलला हलकी खडखड येत असेल, तर मात्र डबी संशयित आहे. नळी काढून बंद करून तोच रस्ता पुन्हा चालून पाहावा. आवाज गेला, तर कमी अंशांची डबी शोधावी.

१५. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे टायमिंग बदलावे लागते का?

प्रथम मिश्रण पाहावे, टायमिंग नंतर. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेले इंधन कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या जुन्या सुईवर विरळ ठरते आणि विरळ मिश्रण सावकाश जळते. एसयूच्या जेटचा नट थोडा खाली करून किंवा जाड मिश्रण देणारी सुई बसवून हे सावरता येते. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असल्याने ठोक्यांच्या बाजूने काळजी नाही. जुनी रबरी नळी आणि डबीचा पडदा हे खरे बळी आहेत, वर्षातून एकदा प्रश्न ११ मधली परीक्षा करावी.

१६. माझ्या अल्फा रोमिओच्या डिस्ट्रिब्युटरला डबीच नाही. कोणी काढून टाकली का?

बहुधा नाही. दोन वेबर डीसीओई कार्ब्युरेटर असलेल्या १०५ मालिकेतील अल्फा आणि वेबरवाली लोटस एलान यांना कारखान्यातूनच फक्त वजनांचा डिस्ट्रिब्युटर मिळत असे. तेथे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची बटरफ्लाय असते. एका नळीतला व्हॅक्युम त्यामुळे झटक्याझटक्याने येतो आणि पडद्याला तो मानवत नाही. अशा गाडीला डबी बसवण्याची गरज नाही. पण साध्या एसयू कार्ब्युरेटरची डबी काढून ‘आता रेसिंगची झाली’ असे समजणे वेगळे. शर्यतीच्या गाडीचा थ्रॉटल एकतर उघडा असतो किंवा बंद, तिला मधल्या स्थितीची फिकीर नसते. तुम्ही अलिबागला निघालेले असता.

१७. जोर वाढवणारा ‘हॉट’ कॅम बसवल्यावर आयडलिंगचा व्हॅक्युम ११ इंच उरला. आता?

लांब उघडणाऱ्या कॅममध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, म्हणून व्हॅक्युम घटतो. तो दोष नव्हे. अशा इंजिनाला आयडलिंगला उलट जास्त ॲडव्हान्स हवा असतो, कारण सिलिंडरमध्ये जळलेला वायू जास्त उरतो. मूळ १३ इंचांना संपणारी डबी मॅनिफोल्डला जोडू नये, प्रश्न १० मधला नियम मोडतो. ९ इंचांच्या आत संपणारी डबी मिळाली तर उत्तम, नाही तर पोर्टेडवर राहून मूळ टायमिंग वाढवावे आणि वजनांचा ॲडव्हान्स तितकाच मर्यादित करून घ्यावा.

१८. नळी जोडली की माझ्या टीआर६ चे टायमिंग वाढण्याऐवजी घटते. डबी उलटी बसली आहे का?

अमेरिकेसाठी बनवलेल्या कार्ब्युरेटरच्या अनेक ट्रायम्फ टीआर६ गाड्यांवर रिटार्डची, म्हणजे ठिणगी उशिरा पाडणारी, डबी होती. मॅनिफोल्ड व्हॅक्युमने ती आयडलिंगला ठिणगी मागे ढकलते, धूर कमी व्हावा म्हणून. टायमिंग लाइटखाली नळी लावून-काढून खूण कोणत्या बाजूला सरकते ते पाहावे. परदेशातून आणलेल्या गाडीत हा प्रकार आढळला, तर अनेक जण ती नळी काढून तोंड बंद करतात. तसे केल्यावर आयडलिंगचे टायमिंग नव्याने लावावे लागते, नळी जोडलेली धरून दिलेला पुस्तकातला आकडा मग लागू होत नाही.

१९. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवले. ॲडव्हान्सची काळजी मिटली का?

नाही. झाकणाखाली बसणारे मॉड्यूल फक्त पॉइंटची जागा घेते. वजने, स्प्रिंगा आणि डबी जुनीच राहतात आणि त्यांचे दोषही. १२३इग्निशनसारखा पूर्ण इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर मात्र ॲडव्हान्सही स्वतः ठरवतो आणि त्याच्या साध्या आवृत्तीत ॲडव्हान्स कसा वाढावा हे ठरवणाऱ्या १६ वक्रांमधून एक निवडता येतो. वक्र निवडताना मूळ गाडीचे आकडे समोर ठेवावेत, सर्वांत ‘तेज’ वक्र निवडून ठोके आले म्हणून पेट्रोलला दोष देणारे मी पाहिले आहेत.

२०. किल्ली बंद केल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहते. याचा टायमिंगशी संबंध आहे का?

आहे, अप्रत्यक्षपणे. ठिणगीशिवाय मिश्रण पेटते ते सिलिंडरमधल्या तापलेल्या कार्बनमुळे, आणि त्यासाठी हवा लागते. टायमिंग उशिरा असेल, तर आयडलिंग टिकवायला थ्रॉटल जास्त उघडा ठेवावा लागतो. इंजिन तापते आणि हवाही मिळते, दोन्ही कारणे एकत्र येतात. टायमिंग नीट करून आयडलिंग खाली आणल्यावर बहुतेक वेळा हा त्रास जातो.

२१. सगळे पुस्तकाप्रमाणे लावले, तरी गाडी मरगळलेली आहे. लाइट मात्र बरोबर आकडा दाखवतो. असे कसे?

खूणच खोटी असू शकते. रबराने जोडलेल्या दोन भागांच्या पुलीत बाहेरची कडी वर्षांनुवर्षांनी सरकते आणि तिच्याबरोबर खूणही. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट बसवावा, इंजिन हाताने दोन्ही दिशांनी हळू फिरवून पिस्टन जेथे अडतो त्या दोन जागा पुलीवर आखाव्यात. त्यांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी असतो. ही तपासणी करताना बॅटरी काढून ठेवावी आणि इंजिन कधीही स्टार्टरने फिरवू नये.

खूण खरी निघाली, तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी बाजूला हलवून पाहावा. बुश झिजलेला असेल, तर पॉइंटचे अंतर प्रत्येक सिलिंडरला बदलते आणि लाइटखाली खूण एका जागी न राहता नाचते. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग लावण्यात वेळ घालवू नये, आधी बुश बदलून घ्यावा.